औषधाचे मुरूम



मुरगूडच्या पेठेत उभे राहून कुणी "मुरूम आलाय" असे म्हटले, तर ऐकणारा आधी रस्त्याकडे बघेल आणि मग बोलणाऱ्याच्या तोंडाकडे. आमच्या कागल तालुक्यात मुरूम म्हणजे पहिल्यांदा खाणीतला, ट्रॉलीतून येणारा आणि रस्त्यावर पसरायचा. तोंडावरच्या मुरमांना बायामाणसे पुटकुळ्या म्हणतात, पुळ्या म्हणतात. पोर सोळा-सतरा वर्षांचे असले तर हसून सोडूनही देतात. "वयाचं हाय, लगीन झालं की जाईल," एवढे म्हटले की विषय संपतो.

आज मला ज्या मुरमांविषयी बोलायचे आहे ते वयाचे नव्हेत, औषधाचे आहेत. एखाद्या दुखण्यावर माणूस गोळ्या घेऊ लागतो किंवा मलम लावू लागतो. दुखणे हटते, आणि काही आठवड्यांनी तोंडावर, छातीवर, पाठीवर, दंडांवर बारीक लाल पुळ्यांचे पीक येते. मग वय पस्तीस असो की पन्नास. अशा वेळी वेदगंगेकाठच्या गावांतून जे वाक्य ऐकू येते ते शिक्षकमंडळींच्या आणि आशाताईंच्या चांगले ओळखीचे असेल: "औषध गरम पडलं बगा. मी आपली अर्धीच गोळी घेती आनि वर ताक पिती."

या वाक्याची थट्टा करावी असे मला वाटत नाही. औषधामुळे अंगावर काही उठू शकते हे त्या माउलीने बरोबर ओळखलेले असते. मोठमोठ्या इस्पितळांतल्या डॉक्टरांनाही ते ओळखायला बराच काळ लागला होता. तिचे चुकते ते पुढे, अर्धी गोळी घेण्यात. आणि हे चुकणे कधी कधी जिवावर बेतते. म्हणून ही हकीकत जरा मागून, सुरुवातीपासून सांगतो.

आपल्याकडे सुश्रुताने मुरमांची गणना क्षुद्ररोगांत केली आहे आणि त्यांना मुखदूषिका असे नाव दिले आहे. तरुणांच्या तोंडावर सावरीच्या काट्यांसारख्या उठणाऱ्या पुळ्या, असे त्यांचे वर्णन येते. ज्याने काटेसावरीचे खोड जवळून पाहिले असेल त्याला ही उपमा एकदम पटेल. तारुण्यपीटिका हा आपला नेहमीचा शब्दही तेच सांगतो, की हा विकार तरुणपणाचा. त्यामुळे पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचे तोंड एकाएकी पुळ्यांनी भरले, तर ते कशाने, याचे उत्तर सहजी मिळण्यासारखे नव्हते.

ते मिळाले फेफऱ्याच्या औषधातून. फीट आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा नाहीतर चप्पल लावायची चाल आपल्याकडून अजून पुरती गेलेली नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातले उपायही त्याहून फार बरे होते अशातला भाग नाही. १८२६ साली आंत्वान बालार या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मिठागराच्या खाऱ्या पाण्यातून ब्रोमीन नावाचे मूलद्रव्य वेगळे काढले होते. त्याचा एक क्षार म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड. १८५७ साली लंडनचे सर चार्ल्स लोकॉक यांनी तो फीट येणाऱ्या काही स्त्रियांना देऊन पाहिला आणि त्यांच्या फिटा थांबल्याचे सांगितले. हे लोकॉक म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणांचे डॉक्टर. फीट कशाने येते याविषयीची त्यांची कल्पना साफ चुकीची होती, पण औषध लागू पडले. वैद्यकाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. ब्रोमाइड हे फेफऱ्यावरचे पहिले खरे गुणकारी औषध ठरले आणि इस्पितळांतून ते मणांनी खपू लागले.

ब्रोमाइड अंगातून लवकर जात नाही. घेतलेल्यातले निम्मे बाहेर पडायला बारा-एक दिवस लागतात. रोज घेणाऱ्याच्या अंगात ते साठत जाते, आणि मग तोंडावर, पाठीवर पुळ्या उठतात. काहींना तर मोठाली गळवे होतात. आयोडीनच्या औषधांनीही असेच होते हे त्याच शतकात ध्यानात आले. पुळ्या औषधाच्या आहेत हे डॉक्टरांना कळले खरे, पण करायचे काय? फीट थांबवणारे दुसरे औषध हाताशी नव्हते. ब्रोमाइड बंद करावे तर फीट परत येणार, आणि ती चुलीपाशी किंवा विहिरीच्या काठावर आली तर माणूस हातचा जाणार.

तेव्हा एक तोड निघाली. ब्रोमाइडच्या मिश्रणात सोमलाचे थोडे थेंब घालायचे. होय, सोमलच, उंदीर मारायला लोक ज्याचा उपयोग करीत तो. सोमलाने मुरूम दबतात असा त्या वेळचा अनुभव होता आणि कितीतरी वर्षे हा रिवाज चालला. आता सोमल रोज थोडाथोडा पोटात जात राहिला की तळहात-तळपाय जाड होतात, त्यांवर घट्टे उठतात, कातडीवर डाग पडतात आणि पुढे वर्षांनी कातडीचा कर्करोग होऊ शकतो. रुग्णाच्या तोंडावरच्या पुळ्या कमी दिसाव्यात म्हणून त्याला ही किंमत द्यायला लावली जात होती, आणि देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. १९१२ साली फीटवर फिनोबार्बिटोनचा गुण आढळला आणि ब्रोमाइड सावकाश मागे पडले. सोमलही त्याच्याबरोबर गेला.

ही जुनी गोष्ट मी मुद्दाम लांबवली. औषधाने मुरूम आले की माणसाला तीनच वाटा सुचतात. औषध टाकायचे, मुरूम दुसऱ्या कशाने तरी दाबायचे, नाहीतर ज्याने औषध दिले त्याच्याकडे जाऊन विचारायचे. तिसरी वाट सर्वांत सोपी, आणि तिच्यावर सर्वांत कमी माणसे दिसतात.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभे केले, आणि पुढे १९२० साली मिरज-सांगलीच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. त्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडले ते त्यांचेच. त्या काळी क्षयावर औषध असे नव्हतेच. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि नशीब, एवढाच उपचार. कोल्हापूरपासून मिरजेपर्यंत १८९१ पासून आगगाडी होती. तिच्यात बसून रोगी जायचा आणि महिनोन्महिने तिकडेच राहायचा. घरचे गावात काय सांगत? "मामाकडं गेलाय." क्षय हा शब्द उंबऱ्याच्या आत उच्चारायचा नाही, विशेषतः घरात लग्नाची पोर असेल तर.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३-४४ मध्ये सापडले. पण खरी क्रांती केली ती आयसोनियाझिड नावाच्या साध्या, स्वस्त गोळीने. मौज अशी की हा पदार्थ १९१२ सालीच प्रागमध्ये दोन संशोधकांनी तयार केला होता. त्याने क्षयाचे जंतू मरतात हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. चाळीस वर्षे तो तसाच पडून राहिला, आणि १९५२ च्या सुमारास तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांना त्याचा गुण जवळपास एकाच वेळी उमगला. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका क्षय इस्पितळात अंथरुणाला खिळलेले रोगी उठून नाचत असल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली होती.

पुढचा अध्याय आपल्याच देशात घडला. १९५६ साली मद्रासला क्षयाच्या औषधोपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे १९३ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात चांगले अन्न, विश्रांती आणि शुश्रूषेसह गोळ्या. दुसऱ्या गटाला त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच गोळ्या. वर्षभराच्या उपचारानंतर दोन्ही गटांतले रोगी जवळजवळ सारखेच सुधारले. १९५९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि क्षयरोग्याला घरदार सोडून दूर नेऊन ठेवण्याचे कारणच उरले नाही. १९६२ पासूनचा आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभा राहिला.

गरिबाच्या दृष्टीने ही फारच मोठी गोष्ट झाली. पण एक बारीक बाब तिच्यात आहे. आरोग्यधामात रोग्याच्या तोंडावर पुळ्या उठल्या तर त्या पाहणारे सगळे डॉक्टर, नर्स आणि त्याच्यासारखेच रोगी. घरी गोळ्या घेणाऱ्याच्या पुळ्या पाहणारी मात्र शेजारीण असते, सासू असते, पाणवठ्यावरच्या बाया असतात. दुखणे घरात आणता आले, गोळ्या कोनाड्यात लपवता आल्या. तोंड कुठे लपवणार? "काय गं, तोंडावर काय उठलंय? कसलं औषध चालू हाय?" या एका प्रश्नाने सगळे उघडे पडते.

आयसोनियाझिडने काहींना मुरूम येतात. सर्वांना नव्हे, थोड्यांनाच. त्यामागे एक कारण असे की ही गोळी जिरवून बाहेर टाकण्याचे काम यकृत करते आणि ते काम काही माणसांत जलद चालते, काहींत सावकाश. हा स्वभाव जन्मजात असतो, आईबापांकडून आलेला. आपल्या देशात निम्म्याहून अधिक माणसे सावकाश जिरवणारी आहेत. त्यांच्या अंगात औषध जास्त वेळ रेंगाळते. क्षयाच्या जंतूंच्या बाबतीत ते बरेच, पण हातापायांना मुंग्या येणे किंवा पुळ्या उठणे हे त्रासही अशांनाच अधिक होतात. मुंग्या येऊ नयेत म्हणून गोळ्यांबरोबर ब-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. त्याची मात्रा अल्प असते. मात्र ब-६ किंवा ब-१२ फार मोठ्या प्रमाणात अंगात गेले तर त्यांनीही मुरूम येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अशक्तपणा वाटला की ताकदीचे लाल इंजेक्शन मागून घेणारी मंडळी आपल्या भागात कमी नाहीत. त्यातला लाल रंग ब-१२ चा असतो. गोळ्या चालू असताना कुणी वरून असली इंजेक्शने घेतली आणि तोंड भरून आले, तर दोष सगळा क्षयाच्या गोळ्यांवर जातो.

हे मुरूम ओळखायचे कसे? वयाच्या मुरमांत सगळी पिढी एकत्र नांदत असते: काळे ठिपके, पांढरे दाणे, पिकलेल्या पुळ्या, सुकलेल्या खपल्या. औषधाचे मुरूम बहुधा एका वयाचे आणि एका मापाचे असतात, मोहरीएवढे नाहीतर ज्वारीच्या दाण्याएवढे. काळे ठिपके त्यांत जवळजवळ नसतात. ते नुसत्या गालांवर थांबत नाहीत. छाती, पाठ, खांदे, दंड इथेही पसरतात. आणि विचारपूस केली तर त्यांच्या आधी काही आठवडे, कधी काही महिने, एखादे औषध सुरू झालेले सापडते.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या एका मुलीला क्षयाच्या गोळ्या चालू होत्या. दोन महिन्यांत खोकला गेला, ताप गेला, वजन भरले. तिसऱ्या महिन्यात तोंडावर आणि गळ्याखाली पुळ्या आल्या. त्याच सुमारास पाहुणे तिला बघायला येणार होते. आईने मला रस्त्यात गाठून सांगितले, "गुरुजी, पावणं येनार आनि हिचं तोंड असलं. खोकला तर गेलाय की. गोळ्या बंद केल्याती." मी काय बोललो ते आता आठवत नाही, पण जोर लावून बोललो नाही एवढे नक्की. डॉक्टरांचे काम डॉक्टरांनी करावे, असा विचार केला असेल. पाहुणे आले, सुपारी काही फुटली नाही. आणि दोन महिन्यांनी ताप परत आला. बेडका तपासला तर जंतू होते.

खोकला थांबला म्हणजे जंतू संपले असे नसते, हे मला तेव्हा ठाऊक होते. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो तो एवढ्यासाठीच. पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारे जंतू मरतात आणि माणसाला बरे वाटते. सुस्त पडलेले थोडे उरतात. गोळ्या मध्येच टाकल्या किंवा अर्ध्या केल्या की हे उरलेले पुन्हा वाढतात, आणि कधी औषधाला दाद न देणारे होऊन वाढतात. मुलीचे दैव बरे. तपासणीत साधी औषधे अजून लागू पडतात असे निघाले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. पुळ्या पुन्हा आल्या. या खेपेला तिने त्या डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी गोळ्यांना हात लावला नाही. रात्री लावायला एक जेल दिले, तोंड दिवसातून दोनदा साध्या साबणाने धुवायला सांगितले, आणि ती दुसरीकडे जाऊन घेत होती ती ताकदीची इंजेक्शने बंद करवली. पुळ्या पुरत्या गेल्या नाहीत, पण कमी झाल्या. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत उरलेल्याही गेल्या.

एवढेच होते ते. एक जेल आणि पाच मिनिटांचे बोलणे.

अशा मुरमांवर बेंझॉइल पेरॉक्साइडचे जेल किंवा रेटिनॉइड वर्गातले मलम देतात. फार असतील तर डॉक्सिसायक्लिनसारखी गोळीही काही दिवस देतात. यातली कोणती कुणाला द्यायची हे डॉक्टरने ठरवायचे, कारण रेटिनॉइड आणि डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईला चालत नाहीत. घरी करण्याजोगे थोडेच आहे. पुळ्या फोडू नयेत, तोंडाला तेल चोपडू नये. लिंबू चोळू नये, दात घासायची पेस्ट लावू नये. दोन्हींनी कातडी पोळते आणि डाग राहतात. तांबड्या रश्शाला मात्र या प्रकरणात उगीच गोवू नका. त्याचा औषधाच्या मुरमांशी संबंध नाही.

आतापर्यंत सांगितले ते टाकू नये अशा औषधाविषयी. आता त्याच्या उलटी बाजू.

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोनची सगळी भावंडे मिळून आपण स्टिरॉइड म्हणतो. दम्यात, संधिवातात, कितीतरी गंभीर दुखण्यांत त्यांनी माणसे वाचवली आहेत आणि आजही वाचवतात. पण थोड्याच काळात दिसून आले की मोठ्या मात्रेने तोंड चंद्रासारखे वाटोळे होते आणि पुळ्या उठतात. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचे मलम कातडीच्या रोगांत उपयोगी ठरले. मग साठीच्या दशकात त्याहून कितीतरी जालीम मलमे आली: बेटामेथासोन आणि पुढे क्लोबेटासोल. इसबावर, सोरायसिसवर ती गुणाची. पण त्यांचा एक गुण असा निघाला की ती लावली की कातडीचा रंग फिका पडतो.

आणि रंग म्हटले की आपल्या समाजाचा दुखरा भाग आला. १९७५ साली अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी डाग घालवण्यासाठी तीन औषधांचे मिश्रण सुचवले. त्यातले एक स्टिरॉइड होते. ते डागांसाठी, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली होते. आपल्याकडे त्याच जातीच्या मिश्रणांच्या ट्यूबा, आतले स्टिरॉइड बदलून, तोंड उजळण्यासाठी म्हणून हातोहात खपू लागल्या. आपला कायदाही याला थोडा जबाबदार होता. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची एक अनुसूची आहे. तिच्यात बाहेरून लावायच्या औषधांना सूट होती. पोटात घ्यायची स्टिरॉइडची गोळी चिठ्ठीवर, आणि त्याच औषधाचे मलम कुणालाही! मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही मलमे चिठ्ठीच्या यादीत घातली. कागदावर तरी फट बुजली.

त्याआधी २०११ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. देशातल्या बारा ठिकाणच्या त्वचारोग विभागांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तिच्यात तपासले होते. त्यातले ४३३ जण, म्हणजे सुमारे पंधरा टक्के, तोंडाला स्टिरॉइडचे मलम लावणारे निघाले. या ४३३ पैकी निम्म्याहून अधिक जणांना मुरूम आले होते किंवा असलेले वाढले होते. आणि दर दहांतल्या सुमारे सहांना ते मलम डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सांगितले होते: ओळखीचे, शेजारचे, दुकानदार. तोंड उजळावे म्हणून लावणारे यांत पुष्कळ होते. पण मुरूम जावेत म्हणून लावणारेही कमी नव्हते! सोमलाची गोष्ट मी सांगितली ती इथे आठवून पाहावी.

हे असे होते की पहिले पंधरा-वीस दिवस मलम जादू करते. लाली जाते, पुळी बसते, रंग उघडतो. मैत्रीण विचारते, "आक्का, काय लावतीस गं?" आणि ट्यूबचे नाव घरोघर जाते. मग कातडी पातळ होऊ लागते. उन्हात गेले की आग होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, बायकांच्या हनुवटीवर केस वाढतात आणि एकसारख्या पुळ्या उठतात. घाबरून मलम बंद केले की दोन-चार दिवसांत तोंड टोमॅटोसारखे लाल. पुन्हा लावले की शांत. मग बाईची खात्री पटते की आपल्या तोंडाला हे मलम मानवते, ते नसले की बिघडते. दारूचा माणूस सकाळी थोडी घेतल्यावर हात कापायचे थांबतात म्हणून तिला औषध समजतो, त्यातला हा प्रकार. २००८ च्या सुमारास आपल्याच देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या विकाराला स्वतंत्र नाव दिले. त्याचा अर्थ स्टिरॉइडच्या मलमाने बिघडलेला आणि त्याच्यावर अवलंबून राहिलेला चेहरा, असा आहे.

हे मलम सोडायलाच हवे. पण फार दिवस लावलेले असेल तर एका झटक्यात फेकून देऊन घरी सोसत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञ ते सौम्य करीत, अंतर वाढवीत उतरवतात आणि मधल्या काळातली आग कमी करणारी औषधे देतात. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. पोटात घेतलेल्या स्टिरॉइडचे तर विशेषच सांभाळायचे. गुडघेदुखीवर किंवा वजन वाढवायला कुणी दिलेल्या बिननावाच्या पुड्यांत आणि गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. महिनोन्महिने असे पोटात गेले की शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवते, आणि मग ते एकाएकी बंद केले तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. मुरूम दिसले म्हणून अशी गोळी रागाने गटारात टाकणे हेही धोक्याचेच.

शिक्षकमंडळींना एक करता येण्याजोगे आहे. आठवी-नववीच्या मुलामुलींना घरातल्या मलमाच्या ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायला लावावीत. बेटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन: शेवट 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' असा दिसला की थांबून विचारायचे. ही काही पक्की खूण नव्हे, पण आईच्या हातची ट्यूब तपासायला तेवढी पुरते. मी हा प्रयोग एकदा वर्गात केला होता. दुसऱ्या दिवशी तीन मुलींनी कागदावर लिहून आणलेली नावे मी बघतच राहिलो.

तालमीविषयी दोन शब्द. आमच्या कोल्हापूरची कुस्ती दूध, तूप, बदाम आणि पहाटेच्या जोर-बैठकांवर वाढली. आता व्यायामशाळांतून डब्यांचा आणि सुयांचा नाद काही ठिकाणी शिरला आहे. पुरुषी संप्रेरकाच्या जातीची ही स्टिरॉइड १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून तपासून पकडतात. कोवळ्या पोराच्या खांद्यावर आणि पाठीवर थोड्या दिवसांत मोठाले, दुखरे मुरूम आले आणि दंडही तितक्याच थोड्या दिवसांत फुगले, तर वस्तादांनी त्याला बाजूला घेऊन विचारावे. यकृत आणि हृदय यांना होणारी इजा वरून दिसत नाही. मुरूम तेवढे दिसतात.

आणि एक उदाहरण असे की जिथे मुरूम पाहून डॉक्टरला बरेही वाटते. फुप्फुसाच्या काही कर्करोगांवर एर्लोटिनिब, जेफिटिनिब यांसारख्या गोळ्या आहेत. त्या सुरू झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत पुष्कळांच्या तोंडावर, छातीवर पुळ्या येतात. ज्यांना त्या येतात त्यांच्यात औषध अधिक लागू पडते असे अनेकदा दिसून आले आहे. मुंबईला टाटा इस्पितळात उपचार घेऊन गावी परतलेला कुणी असे तोंड घेऊन घरात लपून बसला असेल, तर त्याने गोळ्या चालू ठेवूनच डॉक्टरांना दाखवावे. त्यावर उपाय आहेत.

औषधांचे असले त्रास लिहून ठेवण्याची व्यवस्था जगात नीट सुरू झाली ती १९६१ नंतर. थॅलिडोमाइड नावाच्या झोपेच्या गोळीने हातपाय खुंटलेली हजारो बाळे जन्माला आली, तेव्हा राष्ट्रांना जाग आली. आपल्या देशात हा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याचा फुकट दूरध्वनी १८००-१८०-३०२४ हा आहे. तिथे तक्रार करायला डॉक्टरच असावे लागते असे नाही. रुग्णालाही कळवता येते, आणि रुग्णांसाठीचा छापील नमुना मराठीतही आहे. त्यात औषधाचे नाव, ते कधी सुरू केले, त्रास कधी सुरू झाला, आणखी काय काय घेत होता, एवढेच विचारलेले असते. ज्याला लिहिता येत नाही त्याला गावातल्या शिक्षकाने तो भरून द्यावा. आणि भरताना अर्धी गोळी आणि ताक यांची गोष्ट विचारून तीही लिहावी. डॉक्टरांना ती सहसा कुणी सांगत नाही.